‘गावच्या धंद्याला प्लॅन कशाला?’ या मेसेजला उत्तर

विदर्भातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गावात छोटा उद्योग काढायला बिझनेस प्लॅन लागत नाही. प्रोजेक्ट रिपोर्ट हा बँकेला दाखवायचा कागद, तयार साच्यात नाव बदललं की भागतं. कच्चा माल आपल्याच वावरात, म्हणून नफा पक्का. ३५ टक्के सबसिडी आहेच, तेव्हा बुडायची भीती नाही. आणि पाऊस-भाव कोणाच्या हातात नसताना आकडे मांडून काय उपयोग? असलं वाचून बचत गटातल्या बायका आणि नोकरीची वाट पाहून थकलेली पोरं कर्जाच्या अर्जावर सह्या करतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी सबसिडी. पीएमईजीपी, म्हणजे केंद्र सरकारच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे, हे खरं. ते हातात मात्र पडत नाही. १० लाखांच्या प्रकल्पात महिलेनं स्वतःचे ५० हजार घालायचे, बँक साडेनऊ लाख देते आणि अनुदानाचे साडेतीन लाख तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतात. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, त्या ठेवीवरही मिळत नाही. मुदतीनंतर पाहणीत उद्योग चालू दिसला, तर ती रक्कम कर्जात वळती होते. धंदा तीन वर्षं तगला नाही तर ३५ टक्क्यांचा हिशेब कागदावरच राहतो.

आता ‘माल घरचा, नफा पक्का’. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे, तिचाच हिशेब करू. समजा तूर क्विंटलला ७,५०० रुपये. डाळ निघाली ७० किलो, ती ११० रुपयांनी गेली तर ७,७०० झाले. चुनी-कोंडा, म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफलं, २५ किलो, २० रुपयांनी ५०० धरा. एकूण ८,२००. तुरीचे ७,५०० वजा केले की वर राहिलेल्या ७०० मधून वीज, मजुरी, पॅकिंग, भाडं मिळून ४०० गेले की उरतात ३००. डाळीचा उतारा ७० वरून ६७ किलोवर आला आणि ते तीन किलो चुनीत गेले, तर ३०० चे ३० रुपये होतात. माल ओला राहिला, वाळवणीत घाई झाली, एवढ्यानंही उतारा घसरतो. आणि तूर घरची असली तरी तिला बाजारभाव लावूनच हिशेब करायचा, नाहीतर शेतीची कमाई मिलचा नफा म्हणून मोजली जाते.

दुसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची. तूर बाजारात येते मुख्यतः जानेवारी ते मार्च, डाळ विकली जाते वर्षभर. महिन्याला ३० क्विंटल भरडायची तर दहा महिन्यांची तूर हंगामातच घ्यायला साडेबावीस लाख लागतील. एवढे पैसे गटाकडे कुठून येणार? मशीनचं कोटेशन जोडलं की रिपोर्ट झाला, असं मानणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. प्लॅन लिहायला बसलं की तो पहिल्या पानावर उभा राहतो आणि उत्तरही सुचतं: पहिलं वर्ष शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यायची, स्वतःची खरेदी थोडीच ठेवायची. माझ्या मते नव्या गटासाठी हाच रस्ता बरा.

तयार साच्यात वर्षाचे ३०० दिवस काम धरलेलं असतं. आपल्याकडे पावसाळ्यात अंगणात डाळ वाळत नाही, कापसाच्या वेचणीत मजूर मिळत नाहीत, थ्री-फेज वीज कधी रात्रीची येते. तीच ती आकडेवारी पाहिलेला शाखाधिकारी विचारतो, “तूर कुठून घेणार? ऑगस्टमध्ये हप्ता कशातून भरणार?” तिथं साचा गप्प होतो. म्हणून सगळ्यात आधी बारा महिन्यांचा तक्ता करा: कोणत्या महिन्यात किती रुपये येतील, किती जातील, हप्ता भरून काय उरेल. गावात पैसा दिवाळीनंतरच्या काही महिन्यांत खेळतो, हप्ता बाराही महिने येतो. ऑगस्टच्या रकान्यात उणे आकडा आला, तर तो बुजवायची सोय कर्ज घेण्याआधी करायची.

राहिला भावाचा मुद्दा. २०२४ मध्ये तुरीनं १०,००० चा टप्पा ओलांडला आणि २०२५ च्या हंगामात ७,५५० च्या हमीभावाखालीही सौदे झाले. भाव सांगता येत नाही, हे मेसेजवाल्यांचं खरंच आहे. म्हणूनच तूर ७,०००, ८,५०० आणि १०,००० असे तीन भाव धरून हिशेब करायचा. चढ्या भावात मिल तोट्यात जाते असं दिसलं, तर त्या वर्षी स्वतःची खरेदी थांबवून फक्त मजुरीवर चालवायची, हे गटाच्या बैठकीत आधीच ठरवून ठरावात लिहून ठेवायचं.