हळद, कुंकू आणि करडा रंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मी काढलेल्या सांगलीच्या हळद बाजाराच्या कृष्णधवल फोटोंवर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. फोटो रंगीत काढून मागाहून कॉम्प्युटरवर काळेपांढरे करणं ही फसवणूक आहे. ज्याला कृष्णधवल हवा त्यानं कॅमेराच मोनोक्रोमवर, म्हणजे थेट काळापांढरा फोटो देणाऱ्या मोडवर, ठेवावा. फिल्मच्या काळात जे समोर असायचं तेच निगेटिव्हवर यायचं. सांगलीच्या आयर्विन पुलामागचं आकाश मी डांबरासारखं केलंय. आणि मुळात हळदीचा रंग काढून घेऊन काय मिळवलं? तुम्ही कित्येक वर्षं स्टुडिओ चालवलात, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल स्वतःच्या हातानं धुतलेत, हेही तुम्ही लिहिलंय. म्हणून डार्करूमपासूनच सुरुवात करतो.

फिल्मवर जे समोर असायचं तेच यायचं, हे मला पटत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत भिंतीवर टांगलेले पणजीचे फोटो आठवा. कपाळावरचं कुंकू त्यात काळं ठिक्कर दिसतं. पणजी काही काळं कुंकू लावत नव्हती. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला (काचेच्या निगेटिव्हला) निळा आणि हिरवा उजेड कळायचा, लाल कळायचाच नाही. लाल जागेवर प्लेट कोरी राहायची आणि प्रिंटमध्ये तिथे काळं यायचं. ओठ काळे, कुंकू काळं, सावळी कातडी आहे त्याहून सावळी, आणि आकाश मात्र पांढरंफटक. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला लालही दिसायला लागलं आणि तेच कुंकू करडं झालं. लेन्सवर लाल फिल्टर लावून त्याच बाईचा फोटो काढला असता, तर कुंकू कातडीत मिसळून जवळजवळ दिसेनासं झालं असतं. कपाळ एक, कुंकू एक, आणि कृष्णधवल फोटो तीन तऱ्हेचे. यातला खरा कुठला? तुमच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली बिनधास्त प्रिंट काढता यायची तीही याच कारणानं. कागदाला लाल दिसत नव्हतं.

रंगाचं करड्यात रूपांतर करताना प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवलेलं असतं: लाल किती उजळ, पिवळा किती उजळ, निळा किती गडद. फिल्मच्या वेळी ते कारखान्यातल्या केमिस्टनं ठरवलेलं असायचं, आणि त्यावर फोटोग्राफर पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर लावून आपलं म्हणणं चढवायचा.

आता मोनोक्रोम मोडचं. डिजिटल सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, फक्त उजेड कमी-जास्त कळतो. म्हणून त्याच्यावर बारीक रंगीत फिल्टरांची जाळी बसवलेली असते. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांची ही रचना, तिला १९७६ साली पेटंट मिळालं. दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवला म्हणून ही जाळी निघून जात नाही. आतला प्रोसेसर आधी तिन्ही रंग घेतो, मग कंपनीनं ठरवलेल्या प्रमाणात ते मिसळून करडा फोटो करून देतो. मेनूत जाऊन बघा, बहुतेक कॅमेऱ्यांत मोनोक्रोमखाली पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे फिल्टरचे पर्यायही दिलेले असतात. ते सॉफ्टवेअरच आहे, काका. आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची माहिती, ठेवली असेल तर मोनोक्रोमवर काढलेल्या फोटोतही सगळा रंग शाबूत असतो. काळेपांढरे होतात ते फक्त जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानं तयार करून दिलेला फोटो, आणि मागच्या पडद्यावर दिसणारं चित्र. जाळीच नसलेले कॅमेरे आहेत, लायका कंपनीनं आपला तसा पहिला २०१२ मध्ये काढला. पण ते आपल्या खिशाबाहेरचे, आणि त्यावरही लेन्सला खरा फिल्टर लावायचा की नाही हे आधीच ठरवावं लागतं. त्यामुळे प्रश्न इतकाच उरतो की रंगांचं प्रमाण कंपनीनं ठरवायचं की मी. मार्केट यार्डात उभा मी होतो.

ज्या फोटोवर तुमचा सगळ्यात जास्त राग आहे तोच घेतो. सौदा संपल्यावर एक हमाल पोतं रिकामं करतोय, कोपरापर्यंत हात हळदीनं माखलेला, पाठीमागे राजापुरी हळदीचा ढीग. रंगीत फोटोत हाताचं आणि ढिगाचं पिवळं एकमेकांवर येतं आणि डोळा तिथेच अडकतो, माणसाच्या चेहऱ्याकडे जातच नाही. आता हीच फाइल नुसती ग्रेस्केल, म्हणजे करडी, केली तर काय होतं ते आकड्यांत सांगतो. ढिगाच्या उजळ भागावर कर्सर ठेवला तर लाल २२०, हिरवा १६०, निळा २० (शून्य म्हणजे काहीच उजेड नाही, २५५ म्हणजे पूर्ण). हळद पिवळी दिसते कारण तिच्यातलं कर्क्युमिन निळा-जांभळा उजेड शोषून घेतं, म्हणून निळा आकडा असा तळाला. हमालाच्या खांद्याची कातडी लाल १९०, हिरवा १४०, निळा ११०. नेहमीचं सूत्र लाल ३० टक्के, हिरवा ५९ टक्के, निळा ११ टक्के असं मिसळतं. हिशेब केला तर हळद येते १६३ आणि कातडी १५२. म्हणजे जवळपास एकच करडा. हातावर हळद आहे की नाही हेच कळेनासं होतं! कॅमेऱ्यातल्या जेपेगमध्ये अगदी असंच झालं होतं, चिखलासारखा सपाट फोटो.

तीन चॅनल, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे सुटे करडे फोटो, वेगवेगळे उघडून बघितले की गोष्ट बदलते. लाल चॅनलमध्ये हळद पिठासारखी पांढरी, कातडीही उजळ. निळ्यात हळद कोळशासारखी काळी आणि कातडी मध्यम. निळा चॅनल दिसायला जोरदार असतो आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. मी तो घेतला नाही. हळद बघणाऱ्याला उजळ वाटते, तिला काळी दाखवणं माझ्या मनाला पटणारं नव्हतं. मी सॉफ्टवेअरमधला पिवळ्याची उजळी कमी-जास्त करणारा यलोचा स्लायडर वर नेला आणि ऑरेंज जरासा खाली आणला. हळद उजळली, कातडी तिच्या जागी राहिली, आणि हातावर कुठपर्यंत भुकटी चढलीय ती रेघ उमटली. हे सांभाळून करावं लागतं, कारण हळद नेमकी पिवळ्या आणि नारिंगीच्या मध्ये बसते. दोन स्लायडर फार विरुद्ध ओढले की तिथे करकरीत कडा आणि रवाळपणा येतो. जेपेगवर केलं तर आणखी वाईट, कारण जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी तपशिलात साठवलेली असते आणि ओढाताण केली की चौकोन दिसायला लागतात. म्हणून रॉ. १४ बिटमध्ये प्रत्येक ठिपक्याला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगच्या ८ बिटमध्ये फक्त २५६.

एवढं करून त्या फोटोत मी काय दाखवलं, तर भुवयांवर बसलेली भुकटी, पोत्याचा विणलेला पोत, पारदर्शक पत्र्यातून येणाऱ्या उजेडात उडणारी धूळ. ती धूळ हा माणूस दिवसभर नाकातोंडात घेतो. रंगीत फोटो दाखवला की बघणारा "काय सुंदर पिवळं!" म्हणतो आणि पुढे जातो. मला ते नको होतं. हळदीचा रंग काढून काय मिळवलं याचं माझं उत्तर हे आहे.

त्याच मालिकेत एक फोटो मी रंगीतच ठेवलाय, तो तुमच्या नजरेतून सुटला असावा. व्यापारी हळकुंड मोडून आतला गाभा बघतोय तो. तिथे भाव रंगावर ठरतो. तो करडा केला असता तर फोटोत बघण्यासारखं काही उरलंच नसतं.

पुलामागच्या आकाशाबद्दल. आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९२७ मध्ये, अमेरिकेत प्रसिद्ध निसर्ग-फोटोग्राफर अँसल अ‍ॅडम्स यांनी योसेमिटीच्या हाफ डोम या कड्याचा फोटो काढला. आधीची प्लेट पिवळा फिल्टर लावून, आणि मग हाताशी उरलेली शेवटची प्लेट गडद लाल फिल्टर लावून. दुसरीत आकाश जवळजवळ काळं आलं, आणि जगानं डोक्यावर घेतला तो तोच फोटो. निळ्याचा स्लायडर खाली ओढणं म्हणजे त्या लाल फिल्टरचंच काम. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि ती मी मनापासून मानतो: हल्ली हे अति होतं. कडांभोवती पांढरी झालर, सुरकुत्या कोरल्यासारख्या, प्रत्येक ढग वादळी. त्याचा मलाही वीट आलाय. माझ्या पुलाच्या फोटोत कठड्याच्या कडेला झालर शोधून बघा, सापडणार नाही.

फसवणूक हा शब्द मात्र जड आहे. तुमच्याच व्यवसायात टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर रिटचिंग चालायचं, नवरीच्या चेहऱ्यावरचे मुरुमांचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यात जायची. एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राखाली) तारेला पुठ्ठ्याची चकती लावून चेहरा उजळायचा, दोन्ही हातांच्या फटीतून कोपरे जाळायचे, म्हणजे जास्त उजेड देऊन गडद करायचे, हे तर रोजचं. त्याला कुणी लबाडी म्हणालं नाही. मी तर त्याहून कमी केलंय. करड्याच्या छटा बदलल्या, चौकटीतली वस्तू एकही हलवली नाही. ढिगाच्या डाव्या बाजूला पाण्याची प्लास्टिकची बाटली पडलीय, ती डोळ्याला खुपते, तरी तिथेच आहे. वर्ल्ड प्रेस फोटोसारखी कडक स्पर्धासुद्धा रंगीतचं कृष्णधवल करू देते. तिची हरकत असते ती वस्तू घालण्या-काढण्याला, आणि त्यासाठी ती मूळ फाइल मागवते. माझ्या मूळ फाइल जपून ठेवलेल्या आहेत. तुम्ही विश्रामबागेला असाल तर मी लॅपटॉप घेऊन येतो, दोन्ही शेजारी शेजारी लावून बघू.

शेवटी तुम्ही विचारलंत, की असंच असेल तर आमच्यासारख्यानं कशावर करून बघायचं. पैसे घालायची गरज नाही. गिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. तुमच्याकडचा एखादा जुना रंगीत फोटो स्कॅन करा, कुंकू लावलेल्या बाईचा असेल तर फार बरं. कलर्स मेनूत कंपोनंट्समध्ये मोनो मिक्सर आहे, त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे दिसतील. तिघांची बेरीज एकच्या आसपास ठेवा, म्हणजे फोटो एकदम उजळणार किंवा बुडणार नाही. आधी लाल शून्य करून हिरवा आणि निळा वाढवा, जुन्या ऑर्थो प्लेटसारखं काळं कुंकू समोर येईल. मग फक्त लाल ठेवून बाकी दोन शून्य करा. मधलं कुठलं प्रमाण त्या चेहऱ्याला शोभतं हे माझ्यापेक्षा तुम्हाला लवकर कळेल. सेव्ह करताना मूळ स्कॅनवर करू नका, वेगळं नाव द्या.