प्रेरणा राहू दे, आधी खोली द्या

आमच्या जेजे आर्ट स्कूलच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि तिथं थोड्या थोड्या दिवसांनी तोच वाद पेटतो. एक पार्टी म्हणते की मुंबईत काम होतच नाही, बाहेर पडल्याशिवाय नजर उघडत नाही, तिकडं युरोपात हवेतच प्रेरणा असते. दुसरी पार्टी म्हणते हे सगळे ग्रँटजीवी, आपल्या मातीतलं सोडायचं आणि तिकडच्या प्रदर्शनं ठरवणाऱ्या क्युरेटरला काय आवडेल ते बघून करायचं. मी सध्या बर्लिनला रेसिडेन्सीवर आहे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी इथं राहून काम करायला बोलावलेला चित्रकार, त्यामुळे दोन्ही बाजू मला पुरावा म्हणून पुढं करतात, म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू. माझ्या मते मुद्दा शहराचा नाहीच, काम करायला मिळणाऱ्या वेळेचा आणि जागेचा आहे.

आधी दिवस कसा जातो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं मी उठून थेट रेम्ब्रांच्या चित्रासमोर जाऊन बसतो. स्टुडिओ एका जुन्या कारखान्याच्या मागच्या अंगणात, वर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सकाळी जायचं, हीटर वाढवायचा, कॉफी करायची आणि काल केलेलं काम बघून स्वतःला शिव्या घालायच्या. हिवाळ्यात इथं चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे खरा उजेड मिळतो तो मोजून काही तास, त्यातही ढग. ट्यूबलाइटखाली मिसळलेला ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी नेला की हिरवट दिसतो. वॉशचंही, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाच्या हाताचंही, तसंच. आपल्याकडे पावसाळ्यात कागद वाळता वाळत नाही, वर बुरशी, आणि इथं हीटरमुळे हवा इतकी कोरडी की ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला कडा धरलेली असते. रविवारी दुकानं बंद, म्हणजे शनिवारी संध्याकाळी पांढरा रंग संपला तर सोमवारपर्यंत हात बांधून बसा. याला प्रेरणा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

म्युझियम्सना सुरुवातीला मी हावरटासारखा जात होतो, नंतर कमी झालं. गेमेल्डेगॅलेरी या जुन्या चित्रांच्या संग्रहालयात एखादं चित्र निवडून तासभर बसायचं आणि परत यायचं, एवढंच टिकलं. पण कामात जे आलं ते तिथून आलंच नाही. ते आलं स्टेशनवरच्या बाटल्यांवरून.

इथं बाटलीवर डिपॉझिट असतं, त्याला फांड म्हणतात. वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटलीला नाहीतर कॅनला २५ सेंट, साध्या बिअरच्या बाटलीला ८ सेंट, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत. ज्यांना तेवढ्यासाठी जायचा कंटाळा असतो ते बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, डब्याच्या शेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे जो गोळा करतो त्याला घाणीत हात घालावा लागू नये. माझ्या स्टेशनवर एक म्हातारी बाई येते. ट्रॉलीतून सगळ्या बाटल्या काढून बाकावर रांगेत लावते, आधी काच, मग प्लास्टिक, मग कॅन, आणि मशीन घेणार नाही अशी चेपलेली असेल ती आतून फुंकून सरळ करून बघते. हे करताना तिचे हात असे चालतात की मी गाड्या सोडत तिथंच उभा राहायला लागलो आणि तेच हात आता माझ्या सगळ्या चित्रांत आहेत.

आता बाहेर गेल्यावर नजर उघडते म्हणणाऱ्यांसाठी. यात बर्लिनचं असं काय आहे? दादरला पुलाखाली भंगारवाले रोज हेच करतात, इतकंच नाही तर जास्त सफाईनं करतात. मी ते कधी बघितलं नाही कारण मला लोकल पकडायची असायची, क्लास घ्यायचे असायचे, भाड्याची तारीख जवळ आलेली असायची, नाहीतर कुणाच्या तरी मुंजीला जायचं असायचं. इथं मला कुणी ओळखत नाही, कुणाला माझी गरज नाही आणि दुपार माझी आहे. नजर उघडली ती दुपारमुळे, शहरामुळे नाही. उलट मुंबईतच स्केच करणं जास्त रंगतदार, लोकलमध्ये वही उघडली की चार डोकी आत येतात आणि कुणीतरी सांगतंच, अहो नाक चुकलंय. इथं यू-बानमध्ये, म्हणजे मेट्रोत, समोरच्याचं चित्र काढा, तो ढुंकून बघत नाही. सुरुवातीला बरं वाटतं, मग फार एकटं वाटायला लागतं.

केथे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीचंच बघा ना. १८९१ मध्ये लग्न होऊन ती इथल्या प्रेन्झलाउअर बेर्ग भागात आली, नवरा कामगारांचा डॉक्टर, त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका ही तिची मॉडेल्स, आणि त्याच वस्तीत ती पन्नासेक वर्षं राहिली. पॅरिसला जाऊन आली, फ्लॉरेन्सला जाऊन आली, पण चित्रात उतरल्या त्या घरातल्या वेटिंग रूममधल्या बायकाच.

आणि आपली माती, आपली माती करणाऱ्यांनाही एक सांगायचंय. मुंबईच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप १९४७ चा, आपल्या अभिमानाचा विषय, बरोबरच आहे. पण त्यांच्या पाठीशी पहिल्यापासून कोण उभं होतं? रूडी फॉन लायडन, जन्म १९०८, याच बर्लिनमधला, १९३३ मध्ये नाझी आले तेव्हा मुंबईत आला आणि पुढं टाइम्समध्ये कलासमीक्षा लिहायला लागला. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि चित्रसंग्राहक एमॅन्युएल श्लेसिंगर व्हिएन्नाचे, तेही त्याच कारणानं आलेले. लँगहॅमरच्या घरी ही पोरं जमायची, युरोपातल्या चित्रांचे प्रिंट्स बघायची, वाद घालायची. म्हणजे आपली माती म्हणून आपण जी छातीशी धरतो तिच्यात या शहरातून जीव वाचवून पळालेल्या माणसाचाही हात आहे. कोण कुणाची नक्कल करतंय याचा हिशेब एवढा सोपा नसतो मित्रांनो.

पण मला खटकतं ते वेगळंच, की या सगळ्या वादात जागेबद्दल कुणीच बोलत नाही. वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती, पन्नास-साठच्या दशकात तिथं गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार काम करायचे, अल्काझींचं नाटक चालायचं, रविशंकरांचे सतारीचे वर्ग चालायचे, सगळं एकाच छपराखाली आणि भाडं नावापुरतं. आज तिथं टॉवर आहे. आता इथलं बघा, क्रॉइझबर्गमध्ये बेथानिएन म्हणून १८४७ चं हॉस्पिटल होतं, १९७० ला बंद पडलं, पाडायचं घाटत होतं, लोकांनी आरडाओरडा केला, इमारत वाचली आणि काही वर्षांत तिथं कलाकारांचे स्टुडिओ आले. दोन्ही शहरांत रिकाम्या जागेवर बिल्डरचा डोळा होताच, इथं लोक आडवे आले एवढंच.

बर्लिन दानशूर आहे असंही समजू नका. परदेशी कलाकारांना बोलवायचा इथला सगळ्यात नावाजलेला कार्यक्रम १९६३ ला सुरू झाला, तोही फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर, कारण दोन वर्षांपूर्वी भिंत उभी राहिली होती आणि पश्चिम बर्लिन ओस पडायला नको होतं. शहराला गरज होती म्हणून कलाकार बोलावले. आणि सध्या तर हवा उलटीच आहे, २०२५ च्या बजेटमध्ये बर्लिननं संस्कृतीचे साधारण १३ कोटी युरो कापले, आमच्या अंगणातल्या कितीतरी लोकांना पुढचा भाडेकरार होईल की नाही माहीत नाही. मी पाहुणा आहे, माझं तिकीट ठरलेलं आहे, त्यामुळे मी इथल्या मजेच्या गोष्टी सांगू शकतो. शेजारचा शिल्पकार हीच गोष्ट वेगळी सांगेल.

तरी त्या शेजाऱ्याकडं एक गोष्ट आहे जी आपल्याकडं नाही. इथं १९८३ पासून कलाकारांसाठी सामाजिक विम्याची सोय आहे, आरोग्यविमा आणि पेन्शनच्या हप्त्याचा अर्धा वाटा कलाकार भरतो, उरलेला कलाकारांकडून काम घेणाऱ्या कंपन्या आणि केंद्र सरकार मिळून. कलाकाराला ऐन उमेदीत दुकानदारासारखा, शिक्षकासारखा धरलाय, भीक म्हणून नाही. आपल्याकडं काय, तर पन्नाशी उलटली, मिळकत नाही असं सिद्ध केलं, कागद जोडले की महिना ५००० रुपये मानधन. ते बंद करा असं मी म्हणत नाही, कितीतरी तमाशा कलावंतांची चूल त्यावर चालते. पण माणूस पंचविशीत काम करू शकत होता तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही, आणि थकल्यावर शाल आणि चेक. मला विचाराल तर कलाकाराला प्रेरणा, पुरस्कार, महोत्सव हे सगळं नंतर द्या, आधी कुलूप लागणारी, नळ असलेली, उजेडाची एक खोली द्या, तीन-चार वर्षांसाठी, आणि मग त्याला त्रास देऊ नका.

यावर ग्रुपवर काय येणार ते मला पाठ आहे. मुंबईत जागा कुठाय? अरे, पटसंख्या घटल्यामुळे महापालिकेच्या शाळांमधले वर्ग रिकामे पडल्याच्या बातम्या तुम्हीच तर फॉरवर्ड करता. मग म्हणतील वशिल्यानं वाटल्या जातील. जातील काही, इथंही ज्युरीच्या नावानं लोक बोटं मोडतातच, फक्त मुदत संपली की किल्ली परत द्यावी लागते, मग तुम्ही कितीही मोठे असा. ज्युरीवर विश्वास नसेल तर लॉटरी काढा, म्हाडा काढतंच की, आणि तिथं कलाकारांचा कोटाही आधीपासून आहे.