लेबरचं म्युटेशन आणि रंग कमी दिसणं: तो मेसेज पुढे पाठवू नका

ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की घरात कुणाला लेबरचा आनुवंशिक ऑप्टिक नर्व्हचा (डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा) आजार असेल आणि तुम्हाला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नसेल तर काही महिन्यांत दृष्टी जाणार. हे चुकीचं आहे, आणि वाचून माणसं किती घाबरत असतील याचं खरंच वाईट वाटतं.

त्यात खरं एवढंच की कॅरियर लोकांमध्ये, म्हणजे या आजाराचं म्युटेशन (जनुकातला बदल) आहे पण नजर चांगली आहे अशांमध्ये, काहींना रंगातला बारीक फरक कमी कळतो, या आजाराचं ११७७८ क्रमांकाचं म्युटेशन असलेल्या कुटुंबांच्या तपासण्यांत हे दिसलंय, पण बऱ्याचदा त्या माणसाला स्वतःला ते जाणवतही नाही, खास टेस्टमध्येच कळतं. याचा अर्थ दृष्टी जाणारच असा होत नाही, बरेच कॅरियर आयुष्यभर नीट बघतात, बायकांमध्ये तर धोका पुरुषांपेक्षा बराच कमी.

शिवाय जन्मापासूनचं लाल-हिरव्याचं रंगांधत्व वेगळं, ते एक्स क्रोमोसोमवरून येतं. लेबरचं म्युटेशन मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागात) असतं, ते फक्त आईकडून येतं, वडिलांकडून मुलांना जात नाही, मेसेजमध्ये तेही उलटंच लिहिलंय.

मोबाईलवरच्या टेस्टवरून काही ठरवू नका, स्क्रीनचे रंगच सारखे नसतात. कॅरियर असाल तर सिगारेट सोडा, दारूचा अतिरेक टाळा, आणि नजरेच्या मधोमध धूसर दिसायला लागलं किंवा रंग अचानक फिके वाटले तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

तो मेसेज आला तर प्लीज तिथेच थांबवा, ज्यांना पाठवला असेल त्यांनाही हे कळवा.