आशाताईच्या हातात आकडा देऊ नका

डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवतांनी तीन अपत्यांचा आग्रह धरला. त्याआधी आंध्रचे चंद्राबाबू आणि तमिळनाडूचे स्टॅलिनही जास्त मुलांची भाषा करून मोकळे झाले होते. इथे इंग्लंडमध्ये आमच्या मराठी ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकाला लोकसंख्येच्या स्फोटाची धास्ती, दुसऱ्याला देश म्हातारा होण्याची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे देशाचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आहे, हे दोघांनाही तोंडपाठ. पण हा विषय गावात ज्या बाईला दारोदार जाऊन बोलावा लागतो, त्या आशाताईचं, सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्य कार्यकर्तीचं, नाव कुणी काढलं नाही.

ब्रिटनमध्ये एनएचएसकडून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडून, गर्भनिरोधकं १९७४ पासून सर्वांना मोफत मिळतात. लग्न झालंय का, असं कुणी विचारत नाही. माझ्या बाळंतपणानंतर मिडवाइफने घरी सोडण्याआधीच पुढचा विचार काय म्हणून विचारलं. ‘बघू नंतर’ म्हटल्यावर तिने तेवढीच नोंद केली आणि बाळाच्या वजनाकडे वळली. मी हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, तिच्या पगारात फरक पडणार नव्हता, आणि ते तिच्या बोलण्यात जाणवत होतं. या व्यवस्थेच्या दुसऱ्या बाजूलाही बघायला हवं. तांबी बसवायला कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं, आणि दर खेपेला समोर नवा चेहरा. पुढे घरी आलेल्या हेल्थ व्हिजिटरने माझ्या सासूबाईंसमोरच हा विषय काढला. तिला तरी काय कळणार म्हणा!

आशाताईला हे सांगावं लागत नाही. ती गावचीच, बहुतेक वेळा गावची सून. कुणाची सासू दुपारी शेतावर असते, कुणाच्या नवऱ्याला न कळता बोलायचं, हे तिला माहीत असतं.

‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनचंच बघा. २०१७ पासून ते सरकारी कार्यक्रमात आहे, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. औषध तेच, जे इथे डेपो-प्रोव्हेरा म्हणून देतात. त्याने पाळीचं वेळापत्रक बिघडतं, डाग पडतात, पुढे पाळी बंदही होऊ शकते. इथल्या मैत्रिणी त्यावर खूश असतात, कटकट गेली म्हणून. गावात मात्र पाळी चुकली की आधी दिवस गेल्याची शंका, मग ‘रक्त आत साठतंय’ ही भीती, आणि डाग पडत राहिले तर देवघर, स्वयंपाकघर यांचे नियम. म्हणून जी ताई सुई टोचण्याआधीच सांगते की ‘पाळी चुकेल, घाबरू नको, रक्त साठत नाही, नको वाटलं तर पुढचं घेऊ नको, पण नंतर दिवस राहायला काही महिने लागतील’, तिच्याकडे बाई परत येते. फक्त फायदे सांगून मोकळी झालेल्या ताईच्या शब्दाला पहिल्या डागालाच किंमत उरत नाही.

पण खरं सांगणं तिला परवडलंही पाहिजे. कुटुंबनियोजनातली लक्ष्यं १९९६ मध्ये कागदावरून गेली, तरी ‘केसेस किती झाल्या?’ हा प्रश्न आढावा बैठकीतून गेला नाही. केंद्राच्या योजनेत जोडप्याने दोन अपत्यांवर ऑपरेशन करून घेतलं तर आशाला १,००० रुपये आणि पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५०० अशी रचना झाली. ज्या बाईचं घर कामावर आधारित मोबदल्यावर चालतं, तिने तटस्थ सल्ला द्यावा ही अपेक्षाच ढोंगी आहे. छत्तीसगडमधल्या बिलासपूरला नोव्हेंबर २०१४ मध्ये नसबंदी शिबिरातल्या ऑपरेशनांनंतर तेरा बायका दगावल्या. त्यांनाही कुणीतरी ओळखीच्या बाईनेच तिथवर नेलं असणार. त्यानंतर त्या बाईने गावात कुठल्या तोंडाने फिरायचं?

पुरुष तर या हिशोबात जवळजवळ नाहीतच. महाराष्ट्रात निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं, पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नाही. आणीबाणीतल्या सक्तीने पुरुष बिथरले आणि सगळा भार बायकांवर आला. माझ्या ऑफिसातले गोरे पुरुष चहा पिता पिता आपल्या व्हॅसेक्टॉमीबद्दल बोलतात. आपल्याकडे आशाताईने पुरुषाशी हा विषय काढायचा म्हणजे तिचीच चर्चा व्हायची.

मुंबईत आझाद मैदानात आशा मोबदल्यासाठी आंदोलनाला बसल्या तेव्हा आमच्या ग्रुपवर ‘सेवा आहे ना, मग पैसे कशाला’ असंही कुणी लिहिलं होतं, पौंडात पगार घेत. मार्च २०२४ मध्ये राज्याने त्यांच्या महिन्याच्या मोबदल्यात ५,००० रुपये वाढवले, हे बरं झालं. आता पुरता ठरलेला पगार द्या आणि ऑपरेशनमागचे पैसे बंद करा.

आणि एक. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे नागपुरातल्या व्यासपीठावर तीन हवीत, आणि नागपूर जिल्ह्यातल्याच सरपंचाला तिसरं झालं की घरी बसवायचं. जन्मांची नोंद ठेवणारी आशाताई दारात आली, तर त्या घराने तिला खरं का सांगावं?