नऊ मिनिटं मागचा सर्व्हर

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. का, तर आईच्या मते त्याने कोणाला उशीर होत नाही. आता ते पुढे आहे हे सगळ्यांनाच माहितीये, त्यामुळे सगळे मनातल्या मनात दहा वजा करून निवांत चहा पितात आणि उशीर व्हायचा तो होतोच.

माणसांचं असं भागतं. कॉम्प्युटरचं नाही भागत.

झालं काय, ऑफिसात नवीन डोमेन लॉगिन (सगळ्या मशीनना एकच खातं) चालू केलं आणि एका जुन्या लिनक्स सर्व्हरवर कोणालाच आत शिरता येईना. मी तीन तास पासवर्डच बदलत बसलो, मग लॉग (सर्व्हरच्या नोंदी) उघडले तर सर्व्हरचं उत्तर आधी आणि समोरच्याचा प्रश्न नंतर, म्हटलं हा भविष्य बघायला लागला की काय. डेट कमांड मारली. साहेब नऊ मिनिटं मागे! आणि केर्बेरॉसला, म्हणजे या लॉगिनमागे ओळख तपासणाऱ्याला, सहसा पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे तो सख्ख्या भावाला ओळख देत नाही.

बरं, क्रॉनी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम, चालू होतं. 'क्रॉनीसी सोर्सेस' टाइप केलं, म्हणजे तो वेळ कोणाकोणाकडून घेतो ते विचारलं, तर सगळ्या नावांपुढे प्रश्नचिन्ह आणि रीचच्या रकान्यात शून्य. तिथे ३७७ दिसलं की समजायचं शेवटच्या आठही हाकांना ओ आली (हा आकडा ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच अंकांच्या मोजणीत असतो, ज्याने लिहिलं त्याला बोटं आठच असावीत). शून्य म्हणजे कोणीच ओ देत नाही. एनटीपीला (वेळ मागायची-सांगायची ही पद्धत) यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा दरवाजा, लागतो, फायरवॉल बघणारा पोरगा म्हणे, "सर तो कोणी वापरत नव्हतं, दिवाळीतच बंद केला." म्हणजे दिवाळीपासून बिचारा रोज दीड-दोन सेकंद मागे पडत एकटाच चाललेला.

पोर्ट उघडला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या अणुघड्याळांवरून निघालेली वेळ प्रसादासारखी हातोहात आमच्यापर्यंत आली, अणुघड्याळ स्ट्रेटम (पायरी) शून्य, त्याला चिकटलेला सर्व्हर एक, त्याचं ऐकणारा दोन, आणि १६ म्हणजे वाळीत टाकलेला. आता प्रश्न, घड्याळ हळूहळू सरकवायचं की एकदम उडी मारायची. जुन्या एनटीपीडीच्या (क्रॉनीसारखाच आधीचा प्रोग्रॅम) हिशोबाने सेकंदामागे फार तर अर्धा मिलिसेकंद सरकतं, म्हणजे नऊ मिनिटांना साडेबारा दिवस! एवढा धीर कोणाला आहे. देवाचं नाव घेतलं आणि 'क्रॉनीसी मेकस्टेप', म्हणजे एकदम उडी, मारलं. झालं. प्रश्नचिन्हाच्या जागी चांदणी आली, लॉगिनही झालं, मी स्वतःलाच एक कटिंग पाजला.

दुसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या मॅडम, स्टोअरचे काका, एचआरवाली, सगळे माझ्या टेबलाभोवती. हजेरीचं मशीन त्याच सर्व्हरची वेळ घेत होतं हो. ती नऊ मिनिटं अख्ख्या ऑफिसला माहिती होती, मी सोडून. सकाळी दहा वाजून सहा मिनिटांनी बोट टेकवलेल्या अकरा जणांना लेट मार्क.

त्यात मीही होतो.