कोर्टाने बडतर्फी रद्द केली म्हणजे क्लीन चिट दिली असं नाही

दादा, तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की साहेबांनी बडतर्फ केलेल्या पोलिसाला मॅट (सरकारी नोकरांच्या नोकरीच्या केसेस ऐकणारं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) नाहीतर हायकोर्ट परत ड्युटीवर घ्यायला लावतं म्हणजे कोर्टच लाचखोरांना पाठीशी घालतं, आणि मी त्याचं समर्थन करतोय. राग पटतो, पण तो चुकीच्या माणसांवर निघतोय.

अशा केसमध्ये कोर्ट पुरावा नव्याने तोलत बसत नाही. खात्याकडे थोडाफार जरी पुरावा असला तरी हायकोर्टाने अपील ऐकल्यासारखं त्यात शिरायचं नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1963 लाच एका सबइन्स्पेक्टरच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. तामिळनाडूतला एक पोलीस, बसस्टँडवर बाईची छेड काढली म्हणून बडतर्फ झाला, फौजदारी खटल्यात सुटला, हायकोर्टातही जिंकला, तरी 2012 ला सुप्रीम कोर्टाने त्याची बडतर्फी कायम ठेवली. आता याला पाठीशी घालणं म्हणायचं का?

उलट दिल्लीच्या एका शिपायाचं बघा. आरोप काय, तर मजुरांच्या पगाराचे हजार रुपये घेतले, आठशे वाटले आणि दोनशे स्वतः ठेवले. आणि विभागीय चौकशीत त्या मजुरांनाच साक्षीला आणलं नाही! ज्यांचे पैसे गेले तेच समोर नाहीत, मग त्याने उलटतपासणी करायची तरी कुणाची? 1998 ला सुप्रीम कोर्टाने ती बडतर्फी रद्द केली, आणि माझ्या मते बरोबरच केली.

आपल्याकडे जास्त गडबड होते ती सरकारी नोकराला काढण्याबद्दलच्या राज्यघटनेतल्या कलम 311 च्या शॉर्टकटने. चौकशी करणं व्यवहार्य नाही असं लेखी कारण देऊन थेट घरी पाठवता येतं, 1985 च्या तुलसीराम पटेल निकालाने ते मान्यही केलंय, पण कारण खरं पाहिजे आणि कोर्ट ते तपासू शकतं. मीडियात बोंबाबोंब झाली की दोन दिवसात ऑर्डर काढायची, कारण म्हणून "साक्षीदार घाबरतील" एवढंच लिहायचं, कोण घाबरलं, कुणी धमकावलं, फाइलवर काहीच नाही, मग ती ऑर्डर कोर्टात टिकणार कशी? खरोखर पैसे खाल्लेला माणूससुद्धा अशाने सुटतो, आणि त्याला सोडवणारा त्याचाच वरिष्ठ असतो.

आणि परत घेतलं म्हणजे विषय संपला असंही नाही, बऱ्याचदा कोर्ट त्या पोलिसाला सस्पेंड ठेवून राहिलेली चौकशी पूर्ण करायची मुभा खात्याला देतं, मधल्या काळाच्या पगाराचं नंतर ठरतं. तुम्ही ज्या ऑर्डरबद्दल लिहिलंय तिचा शेवटचा पॅरा एकदा वाचा. तशी मुभा असेल आणि खात्याने चौकशी सुरूच केली नसेल, तर जाब खात्यालाच विचारा, मी तुमच्यासोबत आहे.