जोड तो जोडच? तुटलं कुठे ते आधी बघा

गेल्या महिनाभरात एकच मेसेज माझ्याकडे वीसेक वेळा तरी आला असेल. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आला, नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, आणि कहर म्हणजे आम्हा फॅब्रिकेशनवाल्यांच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला. म्हणे, वेल्डिंगवाले तुम्हाला हे सांगणार नाहीत. आत सहा गोष्टी. जोडलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कायम कमजोर. स्पॉट वेल्डिंग, म्हणजे दोन पत्रे एकेका ठिपक्यावर करंट सोडून जोडणं, हे वेल्डिंगच नव्हे, नुसतं चिकटवणं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फुटलं की भंगार. करंट जितका जास्त तितका जोड पक्का. स्पॉट मशीनचा करंट ऑपरेटरच्या अंगातून जातो. आणि सहावा मुद्दा इतिहासाचा: स्पॉट वेल्डिंग जपान्यांनी रोबोटसाठी काढलं, पण आपला दिल्लीचा लोहस्तंभ त्याच्या कितीतरी आधी विजेवरच जोडलेला होता. थोडक्यात काय, दुरुस्तीच्या फंदात पडू नका, नवीन घ्या.

हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या चोपड्याकडचा एक केळीवाला परवा दुकानात आला तो पंपाची नवी केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, घेऊन, बसवायला. जुनी कुठंय म्हटलं, तर म्हणे भंगारात दिली, बीडाचा पाया तडकला होता. ‘बीड जुडत नही ना भो, मोबाईलवर आलं होतं.’ तडा वीतभरसुद्धा नव्हता. म्हणून हे लिहायला बसलो, आणि सुरुवात बीडापासूनच करतो.

बीडात कार्बन साधारण 2 ते 4 टक्के असतो, आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. त्यामुळेच बीड ओतायला सोपं, कातायला सोपं, पण वाकत नाही, सरळ फुटतं. आता त्यावर कुणी वेल्डिंगचा साधा रॉड घेऊन पटकन टाका मारला, तर होतं काय? उष्णतेने टाक्याजवळचा कार्बन लोखंडात विरघळतो, बाजूचा थंड जाड भाग ती उष्णता ओढून घेतो आणि टाक्याच्या कडेला काचेसारखा कडक पट्टा तयार होतो. वरून टाका थंड होताना आवळतो. मग दहा मिनिटांनी, कारागीर चहा पीत असताना, ‘टण्’ असा आवाज येतो. हा आवाज ज्याने ऐकला त्यानेच तो मेसेज लिहिला असावा, इतपत मान्य. पण त्या आवाजावरून बीड जोडत नाही हे ठरत नाही. घाई केली होती एवढंच ठरतं.

बीड जोडायच्या निदान तीन वाटा आहेत. पहिली, सगळा तुकडा भट्टीत पाचसहाशे अंशांपर्यंत तापवून जोडायचा आणि राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर निवू द्यायचा. दुसरी, निकेलचा रॉड. निकेल कार्बनशी कडक संयुगं करत नाही, टाका मऊ राहतो, नंतर ड्रिलही चालतं. पण इथे शिस्त लागते: तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तडा आधी अडवायचा, मुरलेलं तेल जाळून काढायचं, एका वेळी फार तर इंचभर टाका, लगेच हातोडीने हलके ठोके, हात लावता येईल इतकं निवू द्यायचं, मग पुढचा इंच. निकेलचा रॉड महाग आहे, नाही कशाला म्हणू; पण नव्या केसिंगपेक्षा स्वस्त. तिसरी वाट गॅसवर पितळी रॉडने. बीड वितळायला साडेअकराशेच्या आसपास अंश लागतात, पितळ नऊशेच्या सुमारास वाहतं, म्हणजे बीड न वितळवताच काम होतं. जिथे आगच चालत नाही, अशा मोठ्या इंजिनाच्या ब्लॉकला तर तड्यावर आडव्या खाचा पाडून त्यात धातूच्या चाव्या ठोकतात आणि तड्याच्या रेषेवर ओळीने आटे पाडून स्टड बसवतात. गोधडीला टाके घालावेत तसं.

हे काही छोट्या दुकानांपुरतं नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या बंदरांत जर्मन जहाजं अडकून पडली होती. 1917 साली अमेरिका युद्धात उतरणार म्हटल्यावर जर्मन खलाशांनी इंजिनांचे बीडाचे सिलिंडर घाव घालून फोडले. त्यांचाही हिशेब आपल्या मेसेजवाल्यासारखाच होता, बीड फुटलं म्हणजे संपलं. अमेरिकनांनी आर्क वेल्डिंगने आणि ठिगळं बसवून ती इंजिनं काही महिन्यांत चालू केली आणि त्याच जहाजांतून आपलं सैन्य युरोपात नेलं. ‘कैसर विल्हेल्म दुसरा’ हे अवाढव्य जर्मन जहाज ‘ॲगामेम्नॉन’ या नावाने अमेरिकेच्या कामाला लागलं.

आता स्पॉट वेल्डिंग. हा मुद्दा मला जास्त टोचतो, कारण आमच्या खानदेशात उन्हाळ्याआधी जेवढे पत्र्याचे कूलर बनतात त्यांचा खोका स्पॉटवरच उभा असतो. धान्याच्या कोठ्या, कपाटं, तीच गोष्ट. ‘चिकटवणं’ म्हणणाऱ्याने एकदा छिन्नी हातात घ्यावी. दोन पत्र्यांमध्ये घालून स्पॉट सोलून काढावा. चांगला स्पॉट असेल तर तो सुटत नाही. एका पत्र्यात भोक पडतं आणि दुसऱ्या पत्र्यावर मसुरीच्या दाण्याएवढं बटण उभं राहतं. म्हणजे पत्रा फाटला, जोड नाही. कच्चा असेल तर मात्र दोन्ही पत्रे सपाट सुटतात, मधे नुसता काळपट डाग. चिकटवणं म्हणायचं तर याला म्हणा.

हे बटण बनतं कसं, ते बघण्यासारखं आहे. एक मिलिमीटरचे दोन साधे पत्रे असतील तर पुस्तकातला हिशेब असा: नऊदहा हजार अँपिअर करंट, सव्वादोनशे-अडीचशे किलोचा दाब आणि सेकंदाचा पाचवा भाग एवढा वेळ. मशीनची वरची-खालची टोकं तांब्याची. लोखंड वितळायला पंधराशे अंश लागतात आणि तांबं तर 1085 अंशांनाच वितळतं, मग तांबं कसं वाचतं? कारण करंटला सगळ्यात जास्त अडथळा होतो तो दोन पत्रे एकमेकांना टेकतात तिथे. उष्णता तिथेच उसळते. तांब्याला स्वतःचा अडथळा नगण्य, पत्र्याची आलेली उष्णता ते खेचून घेतं, आणि त्याच्या पोटातून पाणी फिरत असतं. वितळलेला थेंब दोन पत्र्यांच्या मधोमध, बाहेरून दिसतही नाही, आणि दाब तसाच ठेवून तो गोठवला जातो. यात चिकटवायला काही नाहीच. एका मोटारीच्या सांगाड्यात असे काही हजार स्पॉट असतात.

करंट जितका जास्त तितका पक्का, हे उष्णतेच्या सूत्रावर अर्धवट नजर टाकून आलेलं दिसतं. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट, उष्णता चौपट. गरजेपेक्षा वाढवलात की मधला थेंब दाब झुगारून बाहेर उडतो. ठिणग्यांचा फवारा बघून गिऱ्हाईक खूश, पण जी ठिणगी उडाली तेवढी धातू जोडातून गेली. आमच्याकडे खरी अडचण उलटी आहे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी गावचे सगळे पंप चालू, व्होल्टेज 230 वरून 180 वर येतं. वाटतं, पाचवा हिस्सा कमी झाला, त्यात काय. पण वर्गाचा हिशेब लावा: उष्णता जवळपास 61 टक्क्यांवर येते. दुपारी मारलेले कूलर ऑगस्टात झड लागली की खुळखुळतात, आणि लोक म्हणतात स्पॉट कच्चाच असतो. टायमर वाढवून थोडं भरून निघतं, पण थोडंच, कारण वेळ जास्त दिला की उष्णता पत्र्यातून पसरून जाते. मी स्पॉटचं काम सकाळी सातच्या आत उरकतो. अजून एक, स्पॉटवर स्पॉट चिकटून मारले तर करंट आधीच्या तयार जोडातून पळ काढतो आणि नवा कच्चा राहतो. दहा ठिकाणी दाट मारण्यापेक्षा सहा ठिकाणी नीट अंतर ठेवून मारा.

अंगातून करंट जाण्याबद्दल फार लिहीत नाही. स्पॉट मशीनचा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या बाजूला जवळजवळ एकाच वेढ्याचा असतो, म्हणून करंट हजारोंनी आणि व्होल्टेज मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. तेवढ्याने कातडीतून काही शिरत नाही. झटका बसला असेल तर तो मेनच्या बाजूचा, अर्थिंग नाही म्हणून, ते बघा. पेसमेकर बसवलेल्या माणसाने मात्र या मशीनजवळ उभं राहू नये, चुंबकीय क्षेत्र जबरदस्त असतं. हे त्या मेसेजमध्ये असतं तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

इतिहासाला दोन बाजूंनी धक्का दिलाय, म्हणून दोन्हीकडून सांगतो. स्पॉट वेल्डिंगचं मूळ जपानचं नाही. एलिहू थॉमसन नावाचा तरुण शिक्षक 1877 साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विजेचे प्रयोग दाखवत होता. लायडन बरणीतला (वीज साठवायच्या काचेच्या बरणीतला) विद्युतभार त्याने कॉइलच्या बारीक तारेतून सोडला, आणि दुसऱ्या जाड तारेची टेकलेली टोकं एकमेकांत जुळून गेली. बाकीचे विसरले असते, त्याने लक्षात ठेवलं आणि 1886 साली पेटंट घेतलं. रोबोटचं म्हणाल तर युनिमेट हा पहिला कारखानी रोबोट 1961 साली अमेरिकेतल्याच मोटार कारखान्यात लागला, तोही गरम ओतीव भाग उचलायला. आणि त्याच्याही आधी, 1934 साली, शिकागोच्या झेफायर गाडीचे स्टेनलेसचे डबे स्पॉटवर जोडून झाले होते. स्टेनलेस जास्त वेळ तापलं तर त्याची गंज न धरण्याची खुबी जाते, म्हणून तिथे सेकंदाच्या बारीक तुकड्यात भरपूर करंट सोडायची रीत बसवली. ती गाडी आजही शिकागोच्या संग्रहालयात उभी आहे.

आणि लोहस्तंभ. वीज नव्हती हो. सहा टनांहून जड, सातेक मीटर उंच, सोळाशे वर्षांचा तो खांब लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठोकून जोडलेला आहे. दिल्लीला जायचं नसेल तर शिरपूरहून पळासनेर ओलांडून घाट चढा आणि धारला जा. तिथे लाट मशिदीपाशी तशाच आणखी लांब खांबाचे तीन तुकडे पडलेत. उष्णता आणि दाब, एवढंच त्यात आहे. बैलगाडीच्या चाकाची धाव लोहार जोडायचा तीही याच रीतीने: दोन्ही टोकं पांढरी होईस्तोवर तापवायची, एकावर एक ठेवायची, घण. थॉमसनने भात्याच्या जागी वीज आणली. आपल्या माणसांनी विजेशिवाय ते केलं ही गोष्ट मला तरी जास्त मोठी वाटते. तिला वीज चिकटवून लहान का करायचं?

राहिला पहिला मुद्दा, जोड कायम कमजोर. भुसावळला फलाटावर उभे राहा आणि येणारी गाडी ऐका. पूर्वीची खडखड कुठे गेली? रूळ फ्लॅश बट वेल्डिंगने जोडून 260 मीटरचे लांब पट्टे करतात. टोकं जवळ आणून प्रचंड करंट, तोंडं लखलखून वितळतात, मग टनावारी दाबाने एकमेकांत घुसवतात आणि बाहेर आलेली मळी तासून टाकतात. हीसुद्धा थॉमसनच्याच घराण्यातली पद्धत. रुळावर जागेवर जोडायचं तर थर्मिट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा ऑक्साइड पेटवून. 1899 पासून रुळांना तेच. भुसावळवरून रात्रंदिवस जाणाऱ्या मालगाड्या या जोडांवरून जातात. आपल्या दुकानातला वेल्डिंगचा साधा 6013 नंबरचा रॉडही ताणाला सुमारे 430 मेगापास्कलच्या (ताकदीचं माप) जातीचा, आणि बाजारातला अँगल-चॅनेल किमान 410 चा. रॉड कमी पडत नाही. कमी पडतं ते आत न उतरलेलं वेल्डिंग, न घासलेला गंज आणि दमट रॉड.

पण त्या मेसेजमध्ये एक गोष्ट खरी निघू शकली असती आणि लिहिणाऱ्याला ती माहीतच नव्हती. कमानीचा, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगचा, पाटा जोडू नये. तो जास्त कार्बनचा, पाणी देऊन कडक केलेला आणि मग बेताने नरम केलेला असतो. वेल्डिंगने ते पाणी उतरतं आणि टाक्याच्या कडेला तो ठिसूळ होतो. हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी, दुकान नवं असताना, एका ट्रॉलीचा पाटा मी मोठ्या ऐटीत जोडून दिला होता, ग्राइंडर मारून रंगसुद्धा लावला. चौथ्या दिवशी केळीने भरलेली ट्रॉली यावलच्या रस्त्यावर एका बाजूला बसली. सगळे घड ज्याचे होते त्याने शिव्या घातल्या नाहीत, नुसता तुकडा आणून टेबलावर ठेवला. तो अजून दुकानात खिळ्याला टांगलाय. टाका जसाच्या तसा आहे. पाटा तुटलाय त्याच्या शेजारून, बोटभर अंतरावर.